संख्याशास्त्राच्या परीक्षेत माझी खाडाखोड

तुमची मामेबहीण बारावीत असतानाच कॉलेजचा एक विषय शिकली, हे तुम्हाला तिकडे कळलं असेल. तिच्याबरोबर तो मीही, तुमची आजी, शिकले, हे बहुधा कुणी कळवलेलं नाही.

इथे आखातात एका कॉलेजात शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा संख्याशास्त्र शिकवतात आणि ते गुण पुढे पदवीत धरतात. अट एकच. अठराच्या आतल्या विद्यार्थ्याबरोबर पालक हवा. तुमचे मामा-मामी ऑफिसात, म्हणून दर मंगळवारी आम्ही दोघी घराजवळच्या अल सद्द स्टेशनवरून मेट्रोने निघायचो.

पहिल्या दिवशी मी वर्गाबाहेर खुर्चीत बसले, तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, यहाँ बैठना मना है. अंदर बैठिए." आत गेले, तर सरांनी हजेरीचा कागद पुढे केला. मी आजी आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, वर्गातली डोकी आणि सह्या जुळल्या पाहिजेत. केली सही.

मला नुसतं बसून राहता येत नाही. वही आणली, समास आखला, गृहपाठही करू लागले. तुमची बहीण इंग्रजीतच बोलते, मी मराठीत लिहिते आहे: "आजी, निदान हात वर करू नकोस." मी दोनदाच केला होता.

खरा घोळ परीक्षेच्या दिवशी झाला. पालकाशिवाय तिला आत सोडेनात आणि परीक्षा न देणाऱ्याला हॉलमध्ये बसू देईनात. परीक्षा बुडाली तर सगळं सत्र वाया जाणार होतं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. दारावरच्या माणसाने दोन्ही नियम पुन्हा वाचले आणि मार्ग काढला. "आंटी, आप भी पेपर दे दो. खलास."

मी शेवटच्या बाकावर, ती पहिल्या. तिने एकदा मागे वळून पाहिलं, तर पर्यवेक्षक म्हणाले, पालकाकडे बघायचं नाही.

माझा पेपर अर्धा तास आधीच झाला. पर्यवेक्षक येऊन म्हणाले, "सगळं लिहून झालंय ना? मग द्या आणि बाहेर जा. झालेल्यांना बसता येत नाही."

"आणि माझी नात?"

"पालक गेल्यावर तिलाही जावं लागेल."

ती मान खाली घालून लिहीत होती. तिचा पेपर अजून व्हायचा होता.

"थांबा," मी म्हटलं, "माझं चौथं चुकलंय." आणि बरोबर आलेल्या उत्तरावर आडवी रेघ मारली. आयुष्यात माझ्या वहीत कधी खाडाखोड नव्हती. सावकाश पुन्हा सोडवायला घेतलं. ते परत आले, तेव्हा तिसरं खोडलं. मग दुसरं. दर वेळी ते उत्तरपत्रिकेकडे आणि मग माझ्याकडे बघायचे. वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा पहिलं तेवढं शाबूत होतं.

ती चांगल्या गुणांनी पास झाली, मी नापास. माझा निकालही तिच्याच हाती दिला, कारण कॉलेजची विद्यार्थिनी ती. सर तिला म्हणाले, आजींना विषय येत होता, शेवटी घाबरल्या असाव्यात.

मेट्रोत तिने माझा हात धरला. म्हणाली, "आजी, मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या सत्रात परत बसता येतं. मी येईन तुझ्याबरोबर."

मी बरं म्हटलं.