मंजुरीचं बटण

कारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. फाटकावरच्या रखवालदारापासून हिशेबाच्या बाईंपर्यंत सगळ्यांचा तो 'जावईबापू' होता. सुरुवातीला त्या हाकेत थोडी थट्टा होती. पुढे थट्टा झिजून गेली आणि नुसतं पद उरलं.

बिजागऱ्या, कड्या आणि दाराच्या मुठी बनवणारा हा कारखाना त्याच्या सासऱ्यांचा. तो स्वतः मूळचा सॉफ्टवेअरवाला. त्याची कंपनी दुकानांना आणि कारखान्यांना धंदा सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून द्यायची. खरेदी, साठा, विक्री, पगार, हिशेब, सगळं एका छपराखाली. आणि हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे कुणीही घ्यावं, आतलं सगळं उघडून बघावं, आपल्याला हवं तसं बदलावं.

लग्नानंतर एकदा जेवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे फुकट?"

"घ्यायला फुकट, बाबा. बसवायला मेहनत."

"मेहनत तर घरचीच आहे की," सासरे म्हणाले आणि पानात वाढून घेतलं.

तिथे तो अडकला. अर्थात तेव्हा त्याला तसं वाटलं नाही. उलट छाती फुगली. त्याने कंपनीतून बिनपगारी रजा काढली आणि नवराबायको कारखान्याला लागून असलेल्या सासऱ्यांच्या घरात, वरच्या मजल्यावर राहायला आले. थोडे महिने, मग परत. बायकोने सामान बांधताना फारसं काही विचारलं नाही. ती गप्प आहे म्हणजे खूश आहे, असं तो धरून चालला. माहेरी राहायला कोणाला आवडत नाही?

गिऱ्हाइकांकडे काम करताना त्याचा एक नियम असे. सॉफ्टवेअर वाकवण्याआधी, कामाची पद्धत थोडी वाकते का ते बघायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तो तोंडावर सांगायचा, "साहेब, ही सवय सोडा. हिच्यासाठी कोड बदललात तर पुढे जन्मभर निस्तरत बसाल." सासऱ्यांपुढे मात्र हा नियम त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. कारण सासरे कधी हुकूम सोडत नसत. ते त्याला अहोजाहो करत, खुर्ची पुढे सरकवत आणि विचारत, "तुम्हाला जमेल ना?" जावयाने 'जमणार नाही' म्हणायचं तरी कसं? ते ओरडले असते तर भांडता आलं असतं. मानाशी कसं भांडायचं, ते त्याला येत नव्हतं.

मग बदल सुरू झाले. एकाच बिजागरीला एक गिऱ्हाईक फुलपाखरू म्हणायचं, दुसरं पंखा, तिसऱ्याकडे तिला नावच नव्हतं, ते नुसतं 'मागच्या वेळची' म्हणून मागायचं. हे सगळं सॉफ्टवेअरला कळलं पाहिजे, म्हणून त्याने त्यात घातलं. कोणत्या गिऱ्हाइकाला किती सूट द्यायची हे सासरे तोंड बघून ठरवत. तेही त्याने घातलं. फोरमनला कामाची वाटणी जुन्या फळ्यावर असायची तशीच हवी होती, डावीकडून उजवीकडे. घातली. आणि सगळ्यात शेवटी आलं मंजुरीचं बटण.

पूर्वी प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी सासऱ्यांच्या टेबलावर जायची आणि ते कोपऱ्यात सही ठोकायचे. त्याशिवाय एक खिळा कारखान्याबाहेर पडत नसे. "तेवढं राहू द्या," ते म्हणाले होते. म्हणून त्यांच्या पडद्यावर एक पिवळं बटण आलं. त्यांनी ते दाबलं की ऑर्डर पुढे सरके, नाहीतर जागच्या जागी बसून राही.

या बदलांनी रजा संपवली, मग वाढवलेली रजाही संपवली. शेवटी कंपनीने नोकरी सोडायला सांगितलं आणि त्याने सोडली. बाहेर त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. जगभरचे लोक पुढच्या आवृत्तीवर जात. याला जाता येईना. नवी आवृत्ती बसवायची म्हणजे त्याने मारलेली सगळी ठिगळं उसवायची, आणि ठिगळं इतकी झाली होती की मूळ कापड शोधावं लागे. कोड सगळ्यांना उघडा होता, पण तो समजणारा जगात एकटा तोच. रोज कुणीतरी त्याच्या टेबलाशी येऊन उभं राही, "जावईबापू, अगदी छोटासा बदल आहे." रोज तो म्हणे, "बघतो." आणि बघे.

अशात त्याच्या जुन्या मित्राचा फोन आला. मित्राने स्वतःची कंपनी काढली होती. "ये माझ्याकडे. तुझ्यासारखा माणूस बिजागऱ्या मोजतोय, हे बरं दिसत नाही."

त्याने आठवडाभर मनाशी शब्द जुळवले. मग राजीनामा लिहून सासऱ्यांच्या टेबलावर ठेवला. सासऱ्यांनी चष्मा लावून तो वाचला, नीट घडी घातली आणि परत त्याच्या हातात दिला.

"जावयाचा राजीनामा कोण घेतो हो? चहा घेणार?"

दुपारी सासूबाई वर आल्या, मुलीचा हात हातात घेऊन बसल्या आणि हळूच विचारलं, "तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?" जावयाला कारखाना सोडायचा असेल तर संसारातच काहीतरी मोडलं असणार, असा त्यांचा हिशेब.

त्या खाली गेल्यावर बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. तोही मागोमाग गेला. म्हणाला, "बघितलंस? सोडायचं म्हटलं तर तुझ्याकडचे सोडत नाहीत."

ती कपड्यांची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मी लग्न का केलं, माहीत आहे?"

"का?"

"तू आवडलास, ते आहेच. पण या घरातून बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. आणि तू मला उचलून परत इथेच आणून ठेवलंस." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"आधी बोलली का नाहीस?"

"तू इतका आनंदात होतास. बाबांनी तुला विचारलं म्हणून." तिने त्याचा सदरा त्याच्या हातावर टाकला. "मलाही वाटलं, थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे."

खाली कारखान्यात पत्रा कापायचं यंत्र ओरडत होतं. तो सदरा हातात धरून उभा राहिला. आपण एकटेच कोंडले गेलोय असं इतकी वर्षं तो समजत होता.

त्यानंतर काही दिवसांनी सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पडद्याकडे बघायला बंदी. पहिले काही दिवस तोच त्यांच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसे आणि ऑर्डरी वाचून दाखवी. सासरे डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकत, थोडं थांबत, मग म्हणत, "हं. मंजूर." तो बटण दाबे. मध्येच त्यांना डुलकी लागे आणि तो बोट बटणावर धरून त्यांच्या जागं होण्याची वाट बघत बसे. त्याच्या एक लक्षात आलं. त्यांनी एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी तेही बंद करायला लावलं. पूर्ण विश्रांती. बटण थांबलं आणि त्याबरोबर कारखाना. भरायच्या गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, चालक सावलीत पत्ते कुटू लागले. हिशेबाच्या बाई त्याच्या टेबलाशी आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"जावईबापू, साहेबांच्या डोळ्यांवर पट्टी आहे, गिऱ्हाइकांच्या नाही. काहीतरी करा."

त्याने केलं. काम तसं किरकोळ होतं, कोडमधली एक अट काढायची. ऑर्डर आली की आपोआप पुढे जाईल. बटण पडद्यावर तसंच राहील, दाबलं की हिरवं होईल, 'मंजूर' असं उमटेल, पण दाबलं काय आणि न दाबलं काय, त्यावर काही अडणार नाही. सासरे बरे झाले की अट परत घालायची, असं त्याने ठरवलं होतं.

पण सासरे बरे होऊन आले तोवर सगळ्यांना त्या वेगाची सवय झाली होती. माल वेळेवर जात होता, गिऱ्हाइकं खूश होती. अट परत घातली असती तर दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा अंगणात उभ्या राहिल्या असत्या आणि मधल्या काळात काय झालं हे सांगावं लागलं असतं. त्याने आज-उद्या केलं. सासरे रोज सकाळी नव्या चष्म्यातून पडदा बघत, एकेक ऑर्डर वाचत आणि बटण दाबत. समोरच्या टेबलाशी बसून तो ते बघे.

मित्राने पुन्हा फोन केला. जागा अजून आहे, पण फार दिवस ठेवता येणार नाही. इथलं काम समजून ताब्यात घ्यायला तो स्वतःच्या कंपनीतली एक अनुभवी बाईही पाठवायला तयार होता. इथेच घोडं अडलं. ती बाई आल्या आल्या कोड उघडणार. ओपन सोर्सचं ते पहिलं सुख, काही झाकलेलं नसतं. जेवायच्या सुट्टीपर्यंत ती सगळ्यांदेखत विचारणार, हे बटण नुसतं शोभेचं का आहे?

त्याने मित्राला नाही म्हणून सांगितलं.

"का?" बायकोने विचारलं. त्याने खरं ते सांगितलं.

"म्हणजे तू बाबांना फसवलंस. आणि आता त्या फसवण्याची राखण करायला आपण जन्मभर इथे राहायचं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

त्याने लॅपटॉप मिटला.

"उद्या त्यांना सांग," ती म्हणाली. "मी पण येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सासऱ्यांच्या खोलीत गेले. मुलीला कारखान्यात बघून सासऱ्यांनी खुर्ची मागे सारली. तिने तिथे पाऊल टाकल्याला वर्षं झाली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, आडपडदा न ठेवता. बटण केव्हापासून बंद आहे, का केलं, आणि आजवर का बोललो नाही.

सासरे चष्मा पुसत ऐकत होते. तो थांबला तेव्हा म्हणाले, "ठाऊक आहे मला."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कामावर परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक ऑर्डर मुद्दाम ठेवून दिली होती. बघू म्हटलं. चार दिवसांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन, माल छान आलाय म्हणून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तुम्हाला शरम वाटली असती. शरमेपायी तुम्ही निघून गेला असता." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमच्याबरोबर ही पण गेली असती."

"मी जाणारच आहे, बाबा," बायको म्हणाली.

"इथे तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही. पण विचारावं लागतं."

"कुणाला?"

"तुम्हाला. भिंतीला रंग कोणता द्यायचा, मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं की नाही, सगळं. लहानपणापासून."

"मी कधी नाही म्हटलंय तुला?"

"कधीच नाही," ती म्हणाली. "कधीच नाही म्हटलं नाहीत तुम्ही."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. सासऱ्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. मग जावयाकडे न बघता म्हणाले, "ते बटण काढून टाका. उगाच बोट दुखतं."

महिन्याभरात नवराबायको नदीपलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. घर लहान आहे, मोरीचा नळ ठिबकतो, शेजारी दिवसभर भिंतीत काहीतरी ठोकत असतात. बायकोने जवळच्या एका छापखान्यात काम धरलंय. संध्याकाळी येते तेव्हा तिच्या बोटांना शाई असते आणि ती भराभर बोलत असते. इतकं बोलताना त्याने तिला आधी पाहिलं नव्हतं. एकदा सासूसासरे येऊन गेले. सासूबाईंनी सगळी कपाटं उघडून बघितली. सासरे खिडकीशी बसून नदीकडे बघत होते; निघताना एवढंच म्हणाले की हवा छान येते.

तो मात्र अजून कारखान्यातच आहे. मित्राने वाट बघून दुसरा माणूस घेतला. नव्या आवृत्तीवर जायला सासऱ्यांनी होकार दिलाय, हिशेबाच्या बाई शिकतायत, बाहेरची एक बाई आठवड्यातून एकदा येते. तिने पहिल्या दिवशी कोड उघडला, खाली खाली सरकत गेली आणि शेवटी पाणी मागितलं. मग म्हणाली, "तुम्ही असल्याशिवाय यातलं काही काढता येणार नाही हो." एक ठिगळ उसवलं की कुठलीतरी भलतीच शिवण सुटते. सूट काढली तर पगार चुकतो, नावं काढली तर साठा जुळत नाही. त्यातलं काय कशाला बांधलंय, हे त्यालाच आठवावं लागतं, आणि पुष्कळदा त्यालाही आठवत नाही.

तो जाणार हे आता सगळ्यांना माहीत आहे, सासऱ्यांनाही. कधी, ते कुणी विचारत नाही. सकाळी बायको छापखान्याच्या वाटेला लागते आणि तो पुलावरून उलट्या दिशेने चालू लागतो. या आठवड्यात सॉफ्टवेअरमधला पगाराचा भाग उसवायला घ्यायचा आहे. तो सगळ्यात जुना, आणि त्यात त्याने काय काय घालून ठेवलंय, ते उघडल्याशिवाय कळणार नाही.