एका झटक्यात सुटणारी गाठ

सखूबाई एका जागी पाच मिनिटं बसलेली कुणी मला दाखवावी आणि माझ्याकडून चहा घ्यावा. दौंडच्या पूर्वेला, उजनीच्या धरणामुळं भीमा जिथं फुगून समुद्राचा आव आणते, तिथं आमचा शिडाच्या होड्यांचा लहानसा क्लब आहे. मी जयसिंग, शिरूरकडचा, नौदलातून निवृत्त झालेला. इथं पोरांना होडी शिकवतो. सखूबाई आमच्याकडं फाटकी शिडं शिवते आणि होड्या पाण्यात उतरायच्या आधी त्यांचे दोर बांधते. हातात दाभण, दातात दोरा आणि पाय सतत शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा वैतागून मी तिला खुर्ची दिली, तर तिनं खुर्चीवर शीड वाळत घातलं.

तिचाही इलाज नाही म्हणा. लग्न झाल्यावर तेरा वर्षं ती मेंढरांमागं चालली. दिवाळी झाली की कोकण, पावसाच्या तोंडावर परत. मग मेंढरं विकली, इथं जवळच जमिनीच्या तुकड्यावर ऊस केला, घर बांधलं. पाय मात्र अजून मुक्कामाला आलेले नाहीत.

आणि तिची ती गाठ. कोकरू असो नाहीतर घोडं, बांधताना दोराचं एक टोक हातभर लोंबतं ठेवायचं. ते ओढलं की गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे. वाटेत एकदा त्यांचं शिंगरू दोरात मान अडकून पडलं. गाठ दुसऱ्याच कुणीतरी करकचून मारलेली. सगळ्यांनी नखं तुटेस्तोवर ती सोडवली, पण तोवर शिंगरू गेलं होतं. तेव्हापासून सखूबाई घरची कपडे वाळवायची दोरीसुद्धा लोंबत्या टोकानं बांधते.

तिची मुलगी अंकिता सतरा वर्षांची. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली मोनाली सुकाणू धरते आणि अंकिता पुढचं शीड सांभाळते. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडं निवड चाचणी होती. तीन शर्यती, पंधरा होड्या, आणि त्यातल्या चारच मुंबईला समुद्रावरच्या सरावाला जाणार. अंकिता दोन वर्षं याच एका दिवसासाठी पहाटे उठत होती.

होडीच्या पुढच्या लहान शिडाला जिब म्हणतात. त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक कडं असतं, त्याला दोन दोर, एक डाव्या हाताला, एक उजव्या. होडी वळली की जिब डोलकाठीपुढून पलीकडं जातं आणि दोर बांधलेली जागा डोलकाठीच्या तारांना घासत जाते. तिथं जाड गाठ असली, वर शेपूट लोंबत असलं, की अडकलंच म्हणून समजा. हे मी सखूबाईला शंभरदा सांगितलं होतं. तिनं शंभरदा मान हलवली होती. त्या सकाळी मी दुसऱ्याच होडीत डोकं घालून बसलो आणि तिची गाठ बघायची राहिली. चूक माझीही आहे, नाही म्हणत नाही.

पहिल्याच वळणावर ते हातभर टोक तारेत अडकलं. वाऱ्यानं शीड ओढलं, आणि गाठीनं आपलं काम चोख बजावलं. ती सुटली. जिब मोकाट फडफडत राहिलं, बाकीच्या होड्या निघून गेल्या, पोरी शेवटच्या आल्या.

काठाला लागताच अंकिता सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, माझ्या होडीला पुन्यांदा हात लावायचा न्हाई."

सखूबाई काठाकाठानं नुसत्या येरझाऱ्या घालायला लागली. मला दोघींचाही राग आला. दुसऱ्या शर्यतीला पंधरा मिनिटं उरली होती. मी तिला हाक मारली आणि दोन दोरांऐवजी एकच लांब दोर हातात दिला.

"मधोमध दुमडा. दुमड कड्यातून आत घाला. आता दोन्ही टोकं त्या दुमडीतून ओढून घ्या. झालं. गाठ नाही, शेपूट नाही, अडकायला काही नाही."

तिच्या बोटांना एकदाच दाखवावं लागतं. तिनं ते केलं, ओढून बघितलं, आणि लगेच सोडून टाकलं.

"भाऊ, ताण बसल्यावर ही सुटायची कशी?"

"सुटायचीच नाही. म्हणून तर शिकवतोय."

"आन् होडी पालथी झाली, पोरीचा पाय ह्यात गुतला, तर?"

"अंगात जॅकेट आहे. सोबत मोनाली आहे. मदतीला मोटरबोट आहे."

"शिंगराच्या वक्ताला बी चार माणसं हुती," ती म्हणाली.

तेवढ्यात अंकिता आली. "मामा, तुमीच बांधा." मी दोर घेतला नाही. "तुझी आई बांधेल," म्हणालो. पोरगी आईकडं बघत राहिली. मग तिनं शिडाचा कोपरा उचलून आईपुढं धरला. सखूबाईनं दोर दुमडला, कड्यातून ओढला, गुडघा टेकवून करकचून आवळला. आवळताना तिनं डोळे मिटले होते.

दुसऱ्या शर्यतीत जिब प्रत्येक वळणाला अलगद सरकलं. पोरी दुसऱ्या आल्या. मी काठावर ओरडून घसा बसवून घेतला. सखूबाईला कितवा नंबर हे विचारायचंही सुचलं नाही. तिची नजर त्या कड्यावरून हलत नव्हती.

तिसऱ्या शर्यतीला पश्चिमेचा वारा चढला. शेवटचं वळण काठापासून फार लांब नव्हतं. तिथंच झोत आला आणि होडी आडवी झाली. मोनालीचं डोकं दिसलं. अंकिताचं दिसेना. मोटरबोट पार पलीकडं, दुसऱ्या उलटलेल्या होडीपाशी.

सखूबाई कधी पळाली कळलं नाही. गुडघाभर, कंबरभर, छातीभर पाणी. तिला पोहता येत नाही. मी मागून दंड धरला, तर तिनं असा हिसडा दिला की मी बदकन पाण्यात बसलो. पाणी तिच्या गळ्याला लागलं तरी ती पुढंच निघाली होती. मी उठून तिला कमरेला धरलं तेव्हा शिडापलीकडं अंकिताचं डोकं वर आलं. पोरगी होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढली, अंगाचा सगळा भार टाकला, आणि शीड पाणी गाळत वर आलं. जिब दोरांना धरून होतं. ते लगेच वाऱ्यानं भरलं आणि होडी निघाली.

त्या सहाव्या आल्या. तिन्ही शर्यतींची बेरीज झाली आणि अंकिता-मोनालीची होडी चौथी निघाली. मुंबई पक्की.

अंकिता ते ऐकायला थांबली नाही. गळ्यापर्यंत भिजलेली आई दिसली आणि ती धावत आली. रडत होती की ओरडत, सांगता येणार नाही.

"तुला पवता येत न्हाई, आई! एवढ्या पाण्यात काय कराया निघाली हुतीस?"

सखूबाई पदर पिळत होती.

"गाठ सोडाया," ती म्हणाली.