तुरेवाल्याचं लग्न

आलोशियस मला प्रथम दिसला तो १९५१ साली, भुईगावच्या गल्लीत. तो बसल्यामुळे बैलगाडी गल्लीत मावत नव्हती. उंची ताडाएवढी, आवाज बोटीच्या भोंग्याएवढा, आणि दोन्ही हातांत एकेक पिंजरा. बोटीवरचा हा आचारी वीस वर्षांनी अर्जेंटिनाहून कायमचा घरी परतत होता, आणि गावाने आधी स्वागत केलं ते पाखरांचं.

दोघांची डोकी लालभडक, पोटं पांढरी. एकाला ताठ तुरा, पाठ राखाडी, चोच रुपेरी. दुसरं बिनतुऱ्याचं, जरा लहान, पाठ काळी, चोच पिवळीधमक. तुरेवाला स्वतःच्या लहरीने गाई. पिवळचोच्या मात्र आलोशियसची चप्पल वाजली की गाई. आलोशियसला मूलबाळ नव्हतं.

"नात्यातली हायेत, पन जात एक नाय," तो सांगे. "विकनारा बोलला, येगळी ठेव."

मी शाळामास्तर. पाखरांविषयीचं माझं ज्ञान कोंबड्यांच्या खुराड्यात संपत होतं. मत मात्र जगभर पोचत होतं.

"अरे, तुरा असतो तो नर! नवरा-बायकोला वेगळं ठेवतोस? पाप लागेल."

"पिल्लं होतील, मास्तर?" त्याचा भोंगा एकदम बारीक झाला.

"ईस्टरपर्यंत!"

लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. मीही तीन रविवार मिस्सा सुटल्यावर आलोशियसच्या ओट्यावर उभा राहून पाखरांची नावं पुकारली. लोक हसून लोळले. तिसऱ्या रविवारी त्याची बायको सुझान पुढे आली.

"माजी हरकत हाय. चोची बघा, मास्तर. पाय बघा, याचे काळे, त्याचे गुलाबी. कोंबड्या-कोंबडीच्या चोची येगळ्या असतात काय?"

"वहिनी, परदेशी बायका लिपस्टिक लावतात!"

ओटा दणाणला. सगळ्यांत मोठ्याने आलोशियस हसला आणि तुरेवाल्याच्या पिंजऱ्याचं दार माझ्याच हातून उघडवून त्याने पिवळचोच्याला आत सोडलं.

आम्ही जेवून बाहेर आलो. तुरेवाला दांडीवर होता. पिवळचोच्या खाली पडला होता. डोक्याचा लाल कुठे संपतो आणि रक्त कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.

"तुमची काय चूक, मास्तर?" आलोशियस म्हणाला. "तुमी शिकलेले."

त्याने शिवी घातली असती तर मला रात्री झोप लागली असती.

पुढे मुंबईत एका पक्ष्यांच्या जाणकाराने मला सांगितलं, त्या दोन्ही जातींत नर आणि मादी सारखेच दिसतात. हे मी आलोशियसला अजून सांगितलेलं नाही.

तुरेवाला १९५५ साली मेला. पिंजऱ्यात सुझान कांदे ठेवते.