खाली उतरलेल्या फळ्या

वहिनीला तिच्या घरी शेवटचं भेटले, तेव्हा मी तिला टोचून बोलले होते. भाईंदरला नवघरच्या त्या वन-रूम-किचनमध्ये शिरले, तर चहा-साखरेच्या डब्यांची फळी पार कमरेशी आलेली. "आता जमिनीवरच मांड की संसार," म्हटलं. माझी जीभ मेली अशीच. वहिनी हसली. "खाली बरं दिसतं गं सुमन, डोळ्यांवर येत नाही." पुढच्याच आठवड्यात ती हॉस्पिटलात गेली. छातीतली गाठ कळली तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं, आणि महिन्याभरात दादाचा फोन आला... "सुमे, गेली गं."

लालबागहून ती दोघं भाईंदरला आली, तेव्हा खोली बघून मीच नाक मुरडलं होतं. पाय ठेवायला जागा नाही, सामान कुठे ठेवणार? वहिनी म्हणाली, "जमीन मोजकीच आहे, पण भिंती चार आहेत ना? भिंतींवर राहू." केबिन रोडवरचा सुतार लालमन तिने गाठला आणि दारावर, खिडकीच्या बाजूला, टीव्हीच्या वर, जिथे म्हणून वीतभर भिंत मोकळी होती तिथे फळी ठोकून घेतली. सगळ्यांत वर पापड-कुरडयांचे डबे, खाली डाळी, त्याखाली दादाची पुस्तकं. आणि प्रत्येक फळीवर एक तरी बिनकामाची वस्तू हवीच... काचेच्या बाटलीतला मनीप्लांट, पितळेचा मोर, माझ्या लेकीने शाळेत केलेला मातीचा वेडावाकडा हत्ती. "नुसत्या बरण्या मांडल्या की घराचं वाण्याचं दुकान होतं," असं तिचं म्हणणं. शेजारच्या गुजराती भाभी आपल्या पाहुण्यांना मुद्दाम ते घर दाखवायला आणायच्या. मला तेव्हा हेवा वाटायचा, आज सांगून टाकते.

दादाची बायपास झाली आणि त्यानंतर फळ्या हलायला लागल्या. दर तीन-चार महिन्यांनी लालमन यायचा, फळी वीतभर खाली घ्यायचा, जुनी भोकं लांबी-पुट्टीने बुजवायचा. वरची अर्धी भिंत ओकीबोकी दिसायला लागली. एवढ्याशा घरात जागा अशी वाया घालवायची? मी दर वेळी बडबडायचे आणि दर वेळी ती "हौस गं" म्हणून विषय बदलायची. दादालाही हौसच वाटली.

ती गेल्यावर दादाचं रडणं आटलं आणि राग सुरू झाला. डॉक्टर म्हणाले होते, गाठ बरीच जुनी आहे. "मला एका शब्दाने बोलली नाही. फळ्या हलवायला वेळ होता, डॉक्टरकडे जायला नव्हता." जेवतानाही तेच. ते घर त्याला खायला उठतंय, निदान रंग तरी लावू, म्हणून मीच लालमनला बोलावलं. त्याने फळ्या उतरवल्या, तर लांबीच्या ठिपक्यांच्या ओळी वरपासून कमरेपर्यंत उतरत आलेल्या. दादा बाहेर गॅलरीत होता. लालमन हळूच म्हणाला, "दीदी, भाभी का हाथ ऊपर नहीं जाता था. पहले कंधे तक जाता था, बाद में उतना भी नहीं. बोली थीं, साहब का ऑपरेशन हुआ है, उनको मत बताना."

म्हणजे त्या गाठीने तिचा हात तेव्हाच धरला होता. दोन वर्षं ती माझ्या डोळ्यांदेखत खाली येत होती आणि मी जागेचा हिशोब करत होते. तेवढ्यात दादा आत आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "इतकी भोकं कसली गं?" आयुष्यभर फटकळ म्हणून मिरवले, पण तेव्हा माझी जीभ उचलली नाही. "हौस तिची, दुसरं काय," म्हणाले.

दादा, रविवारची पुरवणी तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस, म्हणून तोंडाने जमलं नाही ते इथे लिहितेय. तुझ्या काळजाला हे झेपेल का, मला ठाऊक नाही. पण तिच्यावरचा राग तुला जास्त पोखरतोय आणि तो तिच्या वाट्याचा नाही. रंगाचं काम मी थांबवलंय. तू आधी त्या भिंतीशी उभा राहा, सगळ्यांत वरच्या भोकावर बोट ठेव आणि हात सावकाश खाली आणत ये.