खंडाच्या तीन दिवसांचा जाब

जबाबदार कोण, ते आधी नमूद करतो.

मे १९५५ : माझ्या नेमणुकीत तीन दिवसांचा पहिला खंड. जबाबदार, चाकणच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी जखमा बांधणारा ड्रेसर होतो त्याचे विश्वस्त मंडळ. एप्रिल १९५६ : दुसरा खंड. जबाबदार, तेच मंडळ आणि त्याचे चिटणीस. मार्च १९५७ : तिसरा खंड. जबाबदार, वरील सर्व आणि दवाखान्याचे डॉक्टर, ज्यांना सत्य ठाऊक होते. त्याच वर्षीचा श्रावण, पिंपरीतील कंपनीचे फाटक : जबाबदार, मी स्वतः.

मंडळाला इतकी पत्रे लिहिली की आता लिहिण्याचाही शीण येतो. पोच येते, उत्तर येत नाही. म्हणून घडले ते क्रमाने मांडतो.

मंडळाचा नियम असा होता की सलग बारा महिने काम केलेला नोकर कायम समजावा; त्याला फंड मिळावा आणि त्यास विनाकारण काढता येऊ नये. नियम चांगला होता. तो लागू पडू नये म्हणून मंडळाने शोधलेली युक्ती त्याहून चांगली होती. अकरा महिने भरले की मला तीन दिवस घरी बसवायचे आणि चौथ्या दिवशी नव्याने नेमायचे. कागदोपत्री मी दरवर्षी नवा माणूस होतो.

मात्र जखमेला खंड पाडता येत नाही. दवाखान्यात रोज जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. ते तीन दिवस मी पगाराविना जात असे. नाशिक रस्त्यावर मालमोटारी दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री उकळत्या रेडिएटरने कोपरापर्यंत भाजले होते. ते मला पाहून विचारीत, "काय राव, आज तुमी नोकरीत हाय का न्हाई?"

"आज नाही."

"मग आज जरा कमी दुखवा. सरकारी हुकूम न्हाई तुमच्याकडं."

दवाखान्याची एक रीत होती. आदल्या दिवशीची नोंद वहीत असेल तरच रुग्णाला दुसऱ्या दिवशी मलम मिळे. नोंद नसेल तर तो बरा झाला असे धरून त्याचे नाव कमी होई. खंडाच्या दिवसांत मला वहीला हात लावण्याची मनाई होती. रुग्णांचे मलम थांबू नये म्हणून मी तोंडी सांगे आणि डॉक्टर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर लिहीत. ही कल्पना माझी होती. तीन वर्षे मी माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच तोंडाने लिहून देत होतो.

तिसऱ्या खंडाच्या सुमारास पिंपरीच्या एका नव्या कंपनीने मला कामगार कल्याण विभागात सहायक म्हणून बोलावले. सहा महिन्यांत कायम, फंड, राहण्यास खोली. आजारी कामगाराची रजा, अपघात झालेल्याची भरपाई, बायकामुलांचे औषधपाणी हे त्या विभागाचे काम. म्हणजे एकीकडे सेवा आणि दुसरीकडे स्वार्थ असा सोपा वाद नव्हता. तसा असता तर मी चाकणलाच राहिलो असतो. दोन्हीकडे माणसांचेच काम होते. पण माझे मन जखमेपाशी होते, आणि वडील आयुष्यभर मामलेदार कचेरीत हंगामी कारकून राहून रिकाम्या हाताने घरी आले होते.

ते म्हणाले, "लोकांची सेवा कर, मी आडवा येत नाही. पण कायम होऊन कर. हंगामी माणसाचं दुखणंसुद्धा कुणी खरं मानत नाही."

मी चिटणिसांकडे गेलो. मला कायम करा, पिंपरीला नकार कळवतो, एवढीच विनंती केली. डॉक्टर तेथेच होते. चिटणिसांनी वही उघडली.

"अहो, तुम्ही नसताना डॉक्टरसाहेबांनी एकट्यांनी सगळं उरकलंय. हे बघा. हे गेल्या वर्षीचं, हे परवाचं. मग मंडळाला कायमचा ड्रेसर हवाच कशाला?"

"ते काम मी केलं."

"नेमणूक नसताना?"

"हो."

"म्हणजे गुन्हा कबूल करताय. लिहून देता?"

मी डॉक्टरांकडे पाहिले. ते चष्मा पुसत होते. त्यांच्या बोटांना एवढा कंप होता की चष्म्याची काडी कानामागे जाईना. या हातांनी पट्टीची गाठ मारता येत नाही हे चिटणिसांना दिसत होते. डॉक्टर म्हणाले, "वहीत आहे ते आहे."

बाहेर पायरीवर त्यांनी माझा दंड धरला. "माझी नेमणूकही दरवर्षीचीच आहे रे. या वयात मला कोण ठेवणार?"

मी पिंपरीला गेलो. चाकणला दुसरा ड्रेसर नेमला गेला नाही.

श्रावणात मिस्त्री एसटीने फाटकाशी आले. हात पुन्हा चिघळला होता. जेवणाच्या सुट्टीत मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली पट्टी बांधली. दर दोन दिवसांनी ते येऊ लागले. मग फाटकावरच्या जमादाराने समज दिली की बाहेरच्या माणसाशी असे व्यवहार नोकरीत चालत नाहीत. माझे सहा महिने भरायला थोडेच दिवस उरले होते. पुढच्या खेपेस मी मिस्त्रींना पुण्याच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितले.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "व्हय, बरोबर हाय. आता तुमी कायम होनार." आणि निघाले. त्यांची बोटे पुढे कधीच पुरती वळली नाहीत, हे मला नंतर कळले.

कंपनीत मी निवृत्तीपर्यंत राहिलो. अनेकांना त्यांचा हक्क मिळवून दिला. ते काम हलके होते असे मी म्हणणार नाही. माझ्या वाट्याचा दोष मी वर लिहिला आहे आणि तो कमी करून मागत नाही.

मंडळ आजही आहे, वह्याही असतील. आजच्या अध्यक्षांना माझे विचारणे एवढेच : त्या नऊ दिवसांत चाकणच्या दवाखान्यात जखमा कोणी बांधल्या? उत्तर मला टपालाने नको. चाकणच्या बाजाराच्या दिवशी, चावडीसमोर उभे राहून, वही हातात घेऊन ते मोठ्याने वाचून दाखवावे.