गेल्या रविवारचे ससाणे

सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि मी भोसरीच्या एका कारखान्यात टेम्पररी होतो. टेम्पररी म्हणजे आठ महिने भरायच्या आत ब्रेक, मग घरी बसायचं, मग पुन्हा गेटवर नमस्कार घालत उभं राहायचं. माझे असे दोन ब्रेक झाले होते. तिसरा दिवाळीनंतर होता, आणि या वेळी कायम झालो नाही तर गावी परत ये, असं वडिलांनी पत्रात कळवून टाकलं होतं.

कायम करणं ज्यांच्या हातात होतं त्या पर्सोनेल साहेबांना पक्ष्यांचा नाद होता. साहेब पुण्याचे, त्यामुळे नादसुद्धा शिस्तीत. पावसाळा सरला की शिकारी पक्षी उत्तरेकडून दक्षिणेला जातात. ते दिघीच्या बाजूच्या टेकडीवर बसून मोजायचं त्यांनी ठरवलं. रविवारी कोण येतं, असं आमच्या मशीन शॉपमध्ये विचारलं. कायम कामगार हसले आणि चहाला गेले. मला हसणं परवडत नव्हतं.

पहिले दोन रविवार साहेब स्वतः आले. घार मोजायची नाही, ती इथलीच, असं त्यांनी बजावलं. मोजायचे ते टोकदार पंखांचे ससाणे आणि गवताला लागून तरंगत जाणारे भोवत्या नावाचे पक्षी. टेकडीवरच्या देवळाचा झेंडा ओलांडून दक्षिणेला गेला की एक, वळून परत आला की वजा. लिहायला त्यांनी कारखान्याचेच प्रॉडक्शनचे कागद दिले होते. त्यात वेळ, नग आणि रिजेक्ट असे रकाने. घारी मी रिजेक्टमध्ये टाकायचो.

"आकडा खरा हवा," साहेब म्हणाले. "मला प्रामाणिक माणसं लागतात. दिवाळीनंतर बघू."

तिसऱ्या रविवारपासून साहेब यायचे बंद झाले. हात बसला की माणसाला मशीनवर एकटं सोडायचं, ही रीतच आहे. दुर्बीण मात्र माझी सही घेऊन दिली.

त्या रविवारी आभाळ पक्ष्यांनी नुसतं वाहत होतं. दुपारपर्यंत एकेचाळीस मोजले. एक ससाणा इतका जवळून गेला की मला त्याचा डोळा दिसला. खरं सांगतो, त्या दिवशी मी ब्रेक विसरलो होतो. मग कागदावर पंचवीस लिहिले आणि सोळा हातचे ठेवले.

हे मला शेजारच्या लेथवरच्या मामांनी शिकवलं होतं. मामा मूळ भोसरीचे, कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून कामाला. टार्गेट दिवसाला साठ बुशांचं, म्हणजे लेथवर कातलेल्या धातूच्या छोट्या नळ्यांचं. हात चालला की सत्तर निघायचे. पहिल्याच आठवड्यात मामांनी माझा कागद ओढून घेतला होता.

"साठच लिव्ह. वरचं धा फडक्याखाली ठिव. सत्तर लिवलंस तर उद्या सत्तरच मागत्याल. आन् परवा अंग दुखलं तर काय दाखवशील, राव?"

अख्खा शॉप असाच चालत असे. कुणाची पाठ धरली, कुणाचं पोर आजारी पडलं, की हे झाकलेले नग त्याला सांभाळून घ्यायचे. टार्गेट पक्ष्यांचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण आज एकेचाळीस दाखवले आणि पुढच्या रविवारी चारच गेले, तर कामचोर मीच ठरणार, पक्षी नव्हे.

पुढच्या रविवारी परतीचा पाऊस कोसळला. पोत्याची खोळ घेऊन चार तास बसलो. कावळासुद्धा फिरकला नाही. मी बारा लिहिले. चार अजून शिल्लक राहिले, म्हणजे उधळपट्टी काही केली नव्हती.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"काल दिवसभर पाऊस होता. हे बारा कसे गेले?"

"साहेब, ते गेल्या रविवारचे आहेत."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली. कारखान्यात मला कुणी दिलेली ती पहिली खुर्ची. आणि मी पाघळलो. शिल्लक कशी ठेवायची, कधी काढायची, सगळं समजावून सांगितलं. शॉपमध्ये सगळे असंच करतात, असंही म्हणालो. मामांचं नाव घेतलं नाही. या शहाणपणाबद्दल मी बरीच वर्षं स्वतःची पाठ थोपटली. साहेबांना नाव लागणारच नव्हतं.

साहेबांनी लाल शाईने बारा खोडले आणि पंचवीसचे एकेचाळीस केले. आभाळाचा हिशेब चोख झाला. त्याच आठवड्यात एक माणूस स्टॉपवॉच घेऊन शॉपमध्ये आला आणि त्याने प्रत्येक लेथवरचं फडकं उचलून पाहिलं. टार्गेट पंच्याहत्तर झालं.

दिवाळीनंतर मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. "प्रामाणिकपणाचं फळ," साहेब म्हणाले.

मामा शिव्या देतील या तयारीने मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी हात पुसले आणि मला ते वाचून दाखवायला लावलं. "बरं झालं," म्हणाले, "आता लगीन कर." आणि मशीनकडे वळले, कारण त्यांचे पंच्याहत्तर व्हायचे होते. ते झाले नाहीत. सहा कमी पडले. दुसऱ्या दिवशीही पडले, आणि आठवडा संपता संपता मामांना त्यांच्या नोकरीतला पहिला मेमो मिळाला. खाली सही साहेबांची, माझ्या पत्रावर होती तशीच.

मला लाज वाटली. अजून वाटते. पत्र मात्र मी परत केलं नाही.