वानरं खाकरतात तेव्हा

आमच्या माले गावच्या डोंगरात शेरडं चारायची तर वानरांशी पटवून घ्यावं लागतं. वानरं उंबरावर बसून निम्मं खातात, निम्मं खाली सांडतात, आणि ते कोवळे शेंडे, कच्ची उंबरं माझ्या काकीची शेरडं खाली उभी राहून खातात. पण काकीला खरी गरज वानरांच्या डोळ्यांची. बिबट्या झुडपातून सरकला की शेंड्यावरचं वानर घसा फाडून खाकरतं आणि शेरडं धावत येऊन काकीला चिकटतात. मग ती काठी आपटत, ओरडत सगळ्यांना खाली घेऊन येते. या राखणीच्या बदल्यात आमच्या घरानं तिथलं उंबर कधी तोडलं नाही, डोंगरात कुत्रं नेलं नाही आणि वानरावर दगड उचलला नाही.

मी आठवडाभर हिंजवडीत ऑफिसच्या गार हवेत बसतो आणि शनिवारी घरी येतो. थोरल्या भावाची, दादाची, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भज्यांची टपरी आहे. शनिवारचा त्याचा उपास. एकदा मारुतीला फोडलेला नारळ वाटत असताना एक वानरीण रस्त्याच्या कठड्यावर येऊन बसली, आणि दादानं तिच्या हातावर खोबरं ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा हात जोडले आणि वर फोटोही काढला. काकी तिथंच उभी राहून बघत होती.

घरी आल्यावर मला म्हणाली, "मारुतीच्या वारी नको कसं म्हनू रं?"

पुढच्या शनिवारी पाच-सहा वानरं आली. त्यांना बघून गाड्या थांबायला लागल्या. लोक केळी द्यायचे, मग वेफर्स, मग क्रीमची बिस्किटं. वानरानं हातातली पिशवी हिसकली की माणसं आनंदानं किंचाळायची. माझं डोकं फिरायचं, पण बोलणार कुणाला? माझ्या ऑफिसातली मंडळीही त्यातलीच. पावसाळा सरेपर्यंत सगळी टोळी सकाळपासून कठड्यावर बसू लागली. डोंगरात वर कुणी उरलं नाही.

एका दुपारी काकी शेरडं घेऊन लवकर परतली. त्यात गाभण शेळी नव्हती. काकी ओट्यावर बसली.

"येवढ्या जवळ व्हता, मला त्येचा वास आला," ती म्हणाली. "कुनी खाकरलंच न्हाई. उद्या शेरडू न्हाई घावलं तर मी हायेच की."

मला त्या क्षणी भीती वाटली, खरीखुरी. शेरडं विकून टाक, असं मी म्हणालो.

"आन् काय करू? दादाच्या टपरीवर भजी तळू?"

दादानं त्या दिवसापासून वानरांना काही दिलं नाही. 'खायला देऊ नये' अशी पाटी लावली. लोक पाटीला टेकून फोटो काढायचे आणि गाडीच्या काचेतून बिस्किटं टाकायचे. वानरं काही हलेनात. शेवटी काकीनं भातावरची पाखरं हाकायची गोफण आणून दादाच्या हातात दिली. वार शनिवारच होता. दादानं दगड भरला, हात वर नेला, आणि तो हात वरच राहिला. ओठ नुसते हलत होते. मग काकीनं गोफण काढून घेतली.

दगड ती कठड्यावर आपटत होती, वानरांच्या अंगावर नाही. पण वानरांना ते काय कळणार? पोटाशी पिल्लू धरलेली एक वानरीण दचकून रस्त्यावरच पडता पडता वाचली. दादा खाली मान घालून डबा बडवायला लागला. गाडीतून एक बाई ओरडली, "मुक्या जनावराला मारताय, लाज नाही वाटत?" काकीनं तिकडं पाहिलंही नाही. टोळी डोंगराला लागेपर्यंत ती थांबली नाही. घरी आल्यावर मारुतीच्या तसबिरीपुढं उभी राहिली आणि तिनं स्वतःच्या गालांवर मारून घेतलं.

असं रोज करावं लागलं. हळूहळू वानरं रस्त्यावर यायची बंद झाली.

एका रविवारी मी काकीबरोबर डोंगरात गेलो. उंबर अजून लांब होतं, तेवढ्यात वरून खाकरणं ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की बिबट्याची भीतीही आठवली नाही. शेरडांनी कान टवकारले आणि धावत येऊन ती काकीला चिकटली. काकीनं मला मागं ओढलं. आम्ही कारवीचं एकेक झुडूप न्याहाळलं. कुठंच काही हललं नाही.

मग मी वर पाहिलं. सगळी टोळी आमच्याकडे बघत होती. काकी चार पावलं बाजूला सरकली, तशा सगळ्या माना तिकडे वळल्या.

काकीच्या ते माझ्या आधी ध्यानात आलं असावं. ती खाली बसली, काठी आडवी ठेवली.

"मलाच खाकरत्यात," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "खाकरू दे. बिबट्यालाबी खाकरतील." मग तिनं मला विचारलं, "पन आता मला कसं कळायचं रं, कुनाला खाकरत्यात त्ये?"

शेरडं तिच्याभोवती अंग चोरून उभी होती आणि वरचं खाकरणं थांबत नव्हतं.